कृत्रिम खुब्याची हजेरी

माझ्या दवाखान्यातील टेबलाच्या खालच्या खणात लाल पुठ्ठ्याची एक जाड वही आहे. शाळेतल्या हजेरीपटासारखी ती आडव्या-उभ्या रेघांनी आखलेली आहे. डावीकडे नावे, पुढे शस्त्रक्रियेची तारीख, कोणता पाय, बसवलेल्या सांध्याचा तपशील आणि त्यापुढे वर्षांचे रकाने. ज्या वर्षी त्या माणसाच्या कृत्रिम सांध्याचा एक्स-रे काढला, त्या वर्षाच्या रकान्यात बरोबरची खूण. या वहीतल्या रेघा मी आखलेल्या नाहीत. त्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी आखून दिल्या आणि वहीतले पहिले नावही त्यांचेच आहे. ही वही माझ्याकडे कशी आली हे सांगायचे, तर मला माझी एक चूक सांगावी लागेल. ती सांगण्याचे कारण एवढेच की, तीच चूक आज तुमच्या घरातही होत असण्याची शक्यता आहे.

मी सातारा जिल्ह्यातील एका गावात गेली तीस वर्षे दवाखाना चालवतो. १९७९ साली मी याच गावच्या शाळेत चौथीत होतो, तेव्हा गुरुजी आमचे वर्गशिक्षक होते. पुढे मी डॉक्टर होऊन गावी परतलो. गुरुजी दवाखान्यात चारचौघांसमोर मला आवर्जून 'डॉक्टरसाहेब' म्हणत. मी त्यांच्या घरी गेलो की मात्र 'अरे' सुरू होई. त्वचेच्या एका जुन्या विकारासाठी त्यांनी वर्षानुवर्षे स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या होत्या. त्याचा परिणाम म्हणून उजव्या खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला आणि हाड आतून मृत होऊन ढासळले. डॉक्टर मंडळी याला 'एव्हीएन' म्हणतात. आपल्या देशात खुबा बदलण्यामागे हे एक मोठे कारण आहे आणि ते पुष्कळदा तरुण किंवा मध्यम वयात गाठते. २००३ साली, निवृत्तीला एक वर्ष उरले असताना, गुरुजींनी पुण्याला जाऊन खुब्याचा सांधा बदलून घेतला. त्या वेळी ते ५७ वर्षांचे होते.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. काठीच्या आधारानेही जे घराच्या पायऱ्या उतरू शकत नव्हते, ते तीन महिन्यांत नदीकाठच्या देवळापर्यंत फिरायला जाऊ लागले. 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकाने २००७ साली या शस्त्रक्रियेला 'शतकाची शस्त्रक्रिया' असे म्हटले होते. गुरुजींना चालताना पाहिले की त्या शब्दांत अतिशयोक्ती वाटत नसे.

त्यानंतर पंधरा वर्षे गुरुजी दर महिन्याला रक्तदाब तपासण्यासाठी माझ्याकडे येत. मी पट्टा बांधे, आकडा लिही, गोळ्या देई. नातवाचे कौतुक होई, पावसापाण्याची चौकशी होई. या पंधरा वर्षांत, म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे भेटींत, मी एकदाही त्यांना खुब्याचा एक्स-रे काढायला सांगितले नाही. दुखत नव्हते, म्हणून विचारले नाही. त्यांनाही कुणी पुन्हा दाखवायला सांगितल्याचे आठवत नव्हते. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, विषय संपला, अशी आम्हा दोघांची समजूत होती.

२०१८ च्या पावसाळ्यात त्यांनी पहिल्यांदा तक्रार केली. खुर्चीतून उठून पहिली चार-पाच पावले टाकताना मांडीत कळ येई. मग पाय चालता होई आणि कळ विरून जाई. मी कंबर तपासली, मणक्याचा एक्स-रे काढला. बहात्तराव्या वर्षी कुणाच्याही मणक्यात झीज सापडतेच. ती त्यांच्याही सापडली. मी 'नस दबली आहे' असे सांगितले आणि वेदनाशामक गोळ्या, शेक व कमरेचा पट्टा सुरू केला. गोळ्यांनी दोन दिवस बरे वाटे, पुन्हा कळ येई. मध्येच एकदा ते म्हणाले, "अरे, हा पाय हल्ली जरा आखूड वाटतो." मी हसून म्हणालो, "गुरुजी, वय झाले म्हणजे सगळेच थोडे खचतो." ते वाक्य आठवले की आजही मला स्वतःची लाज वाटते.

असे आठ महिने गेले. गोळ्यांमुळे रक्तदाब वर गेला आणि मूत्रपिंडाच्या तपासणीतला क्रिएटिनिनचा आकडाही वाढला. मार्च २०१९ मध्ये एका पहाटे न्हाणीघरात वळताना गुरुजी खाली बसले. ते घसरले नव्हते. काकूंच्या शब्दांत सांगायचे तर, "पायच गेला त्यांचा." मांडीचे हाड कृत्रिम सांध्याच्या दांड्याभोवती मोडले होते.

ते छायाचित्र माझ्या डोळ्यांसमोर अजून जसेच्या तसे आहे. सांध्यातला गोळा वाटीच्या मध्यावर न राहता वर सरकला होता. म्हणजे वाटीतले प्लास्टिकचे अस्तर झिजून पातळ झाले होते. दांड्याभोवतीचे हाड जागोजागी पोखरलेले होते, वाळवीने चौकट आतून खावी आणि बाहेरचा रंग तेवढा शाबूत राहावा तसे. हे एका पहाटेचे काम नव्हते. ते कित्येक वर्षे चालले होते. दोनशे-तीनशे रुपयांच्या एका एक्स-रेमध्ये ते केव्हाच दिसले असते.

हे कसे घडते, ते थोडे समजून घेऊ. कृत्रिम खुब्याचे मुख्य भाग चार: ओटीपोटाच्या हाडात बसवलेली वाटी, तिच्या आतले अस्तर, त्यात फिरणारा गोळा आणि मांडीच्या हाडाच्या पोकळीत रोवलेला दांडा. वाटी व दांडा धातूचे असतात, गोळा धातूचा किंवा सिरॅमिकचा आणि अस्तर बहुधा पॉलिथिलीन या कठीण प्लास्टिकचे. आपण पाऊल टाकतो तेव्हा गोळा अस्तरावर घासतो. जुन्या प्रकारचे प्लास्टिक वर्षाला साधारण एक दशांश मिलिमीटर झिजे. ही झीज डोळ्यांना दिसत नाही. पण तिच्यातून सुटणारे सूक्ष्म कण सांध्याभोवती साचतात. शरीरातील रक्षक पेशी हे कण गिळतात, त्यांना ते पचवता येत नाहीत आणि त्या झटापटीत जी रसायने सुटतात, ती सभोवतालचे हाडच विरघळवू लागतात. हाड पोखरले की दांडा किंवा वाटी सैल होते. दांडा सैल झाला की उठताना पहिल्या पावलांना तो हाडात किंचित हलतो आणि मांडीत कळ येते. गुरुजी मला नेमके हेच लक्षण सांगत होते.

यातली सर्वांत फसवी गोष्ट ही की, हाड पोखरले जात असताना पुष्कळदा काहीच दुखत नाही. दुखू लागते तेव्हा बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

वैद्यकशास्त्राला हा धडा फार पूर्वीच मिळाला होता. आधुनिक कृत्रिम खुब्याचे जनक सर जॉन चार्नले हे इंग्लंडमधील लँकेशायरच्या राइटिंग्टन रुग्णालयात काम करीत. १९५८ च्या सुमारास त्यांनी टेफ्लॉनची वाटी वापरायला सुरुवात केली. रुग्ण वेदनामुक्त झाले, आनंदाने चालू लागले. सुमारे ३०० शस्त्रक्रिया झाल्यावर ध्यानात आले की, टेफ्लॉन भराभर झिजते आणि त्याच्या कणांनी सांध्याभोवती दाह होतो. चार्नले यांनी टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले आणि तिथे झालेला दाह पाहून खात्री करून घेतली. मग नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांनी पॉलिथिलीनची वाटी वापरली आणि तिथून या शस्त्रक्रियेचे खरे युग सुरू झाले. परंतु टेफ्लॉनचा अनुभव ते विसरले नाहीत. आपल्या रुग्णांना ते वर्षानुवर्षे तपासणीला बोलावत. मृत्यूनंतर तो सांधा अभ्यासासाठी परत मिळावा, अशी विनंतीही करीत. वेदनामुक्त रुग्ण म्हणजे सुस्थितीतला सांधा नव्हे, हे त्यांना पुरते उमगले होते. मला ते उमगायला गुरुजींचे हाड मोडावे लागले.

आता तुमच्या मनातला प्रश्न घेतो. बदललेला खुबा टिकतो तरी किती? २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये याविषयी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलिया व फिनलंड येथील राष्ट्रीय नोंदवह्यांच्या आधारे त्यात असे दिसले की, १०० कृत्रिम खुब्यांपैकी १५ वर्षांनी सुमारे ८९, २० वर्षांनी ७० आणि २५ वर्षांनी ५८ टिकून होते. वयाचाही मोठा संबंध असतो. २०१७ च्या एका ब्रिटिश अभ्यासानुसार, सत्तरी ओलांडल्यावर खुबा किंवा गुडघा बदललेल्या १०० जणांपैकी उरलेल्या आयुष्यात सुमारे पाचच जणांना पुन्हा शस्त्रक्रिया लागते. पन्नाशीच्या सुरुवातीस सांधा बदललेल्या पुरुषांत मात्र हे प्रमाण १०० पैकी ३५ पर्यंत जाते. कारण उघड आहे. ज्याच्यापुढे आयुष्य अधिक आणि हालचालही अधिक, त्याच्या सांध्याला अधिक काळ व अधिक कष्ट सोसावे लागतात.

हे आकडे दिलासा देणारे आहेत यात शंका नाही. त्यातही १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून 'क्रॉसलिंक्ड' नावाचे सुधारित पॉलिथिलीन आले, त्याची झीज जुन्या प्लास्टिकच्या तुलनेत फारच थोडी होते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेकांना याचा लाभ मिळाला असणार. तथापि या आकड्यांत 'टिकला' या शब्दाचा अर्थ काय, तो ध्यानात घ्या. नोंदवहीच्या भाषेत 'टिकला' म्हणजे 'पुन्हा शस्त्रक्रिया झाली नाही', एवढेच. मार्च २०१९ च्या त्या पहाटेपर्यंत गुरुजींचा सांधाही हिशेबात 'टिकलेला' होता. तो आतून पोखरला होता, मी चुकीच्या जागी औषध देत होतो, तरीही तो टिकलेल्यांतच मोजला गेला असता. म्हणून 'आमच्या बाबांच्या खुब्याला अठरा वर्षे झाली, काही त्रास नाही' असे कुणी अभिमानाने सांगितले की मला आनंद होतो आणि लगेच दुसरा प्रश्न तोंडून निघतो: शेवटचा एक्स-रे कधी काढला?

गुरुजींना पुण्याला हलवले. शस्त्रक्रिया करणारे सर्जन अनुभवी होते. त्यांनी मला फोनवर विचारले, "वाटीचे बाहेरचे कवच हाडात घट्ट दिसते आहे. आतले अस्तर तेवढे बदलता आले तर बरे. पण कंपनी कोणती, माप कोणते?" सांध्याच्या प्रत्येक भागासोबत एक स्टिकर येतो, त्यावर कंपनीचे नाव, माप व उत्पादन क्रमांक असतो. शस्त्रक्रियेच्या वेळी तो रुग्णाच्या कागदांत चिकटवतात. काकूंनी लोखंडी कपाट धुंडाळले. विम्याची पॉलिसी सापडली, घरपट्टीच्या पावत्या सापडल्या, मुलांच्या जुन्या गुणपत्रिकाही सापडल्या. २००३ ची फाईल काही मिळाली नाही. घराला रंग देताना ती रद्दीत गेली असावी. पूर्वीच्या रुग्णालयाकडे चौकशी केली, तर इतक्या जुन्या नोंदी नष्ट केल्याचे कळले. जुळणारे अस्तर मिळण्याची शक्यता मावळल्यामुळे घट्ट बसलेली वाटीही नाइलाजाने काढावी लागली. मोडलेल्या हाडाला तारांनी आवळून त्यात लांब दांडा बसवला. पहिली शस्त्रक्रिया दीड तासात झाली होती. ही पाच तास चालली. चार बाटल्या रक्त लागले. खर्चापायी मुलाने बँकेतली ठेव मोडली.

तीन आठवड्यांनी मी गुरुजींना भेटायला गेलो. काय बोलावे ते मला सुचत नव्हते. शेवटी सरळ सांगितले, "गुरुजी, माझे चुकले. मांडीचे दुखणे खुब्याचे असू शकते हे मला कळायला हवे होते." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अरे, शाळेत एखादे मूल चार दिवस आले नाही तर आम्हाला कळायचे, कारण हजेरीपट असायचा. तुझ्या दवाखान्यात किती जणांचे सांधे बदललेत, हे तुला ठाऊक आहे का?" मला ठाऊक नव्हते. पुढच्या महिन्यात नातवाला सोबत घेऊन, वॉकरवर हळूहळू चालत ते दवाखान्यात आले आणि त्यांनी ही लाल वही माझ्या टेबलावर ठेवली. रकाने आखलेले होते. पहिल्या ओळीत त्यांच्या वळणदार अक्षरात त्यांचेच नाव होते.

गावोगावच्या हजेरीपटाची ही कल्पना काही देशांनी राष्ट्रीय पातळीवर राबवली आहे. स्वीडनने १९७९ साली, म्हणजे मी गुरुजींच्या वर्गात बसत होतो त्याच वर्षी, देशातील बदललेल्या खुब्यांची नोंदवही सुरू केली. ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये आणि इंग्लंडने २००३ मध्ये तसेच केले. अशा वहीचा उपयोग काय, ते 'एएसआर' नावाच्या सांध्याने दाखवून दिले. त्यात धातूची वाटी व धातूचाच गोळा एकमेकांवर घासत असत आणि त्यातून कोबाल्ट व क्रोमियम हे धातू शरीरात मिसळत. हे सांधे अपेक्षेपेक्षा फार लवकर बदलावे लागत आहेत, हे ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत सर्वांआधी दिसून आले. ऑगस्ट २०१० मध्ये हा सांधा जगभरातून परत घेण्यात आला. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. परंतु कुणाला बसवला, ती माणसे आता कुठे आहेत, याचा शोध घेऊ लागल्यावर त्यांतील बहुतेकांचा पत्ताच लागेना. ज्यांच्या घरी तो स्टिकर जपलेला होता, त्यांना निदान आपल्या शरीरात काय आहे हे तरी सांगता आले.

म्हणून वाचकहो, तुमचा किंवा तुमच्या घरातील कुणाचा खुबा बदललेला असेल, तर आज तीन कामे करा.

पहिले काम कागदांचे. डिस्चार्ज कार्ड, स्टिकर असलेले पान आणि पहिला एक्स-रे शोधा. स्टिकरचा मोबाईलवर फोटो काढून मुलगा, सून, लेक, जावई अशा निदान दोघांकडे पाठवून ठेवा. फाईलवर ठळक अक्षरांत लिहा: 'रद्दीत टाकू नये'. स्टिकर नसेल आणि शस्त्रक्रिया अलीकडची असेल, तर रुग्णालयात लेखी अर्ज करून नोंदींची प्रत मागा. तो तुमचा हक्क आहे.

दुसरे काम एक्स-रेचे. सर्वसाधारणपणे शस्त्रक्रियेनंतर एका वर्षाने, मग पाच ते सात वर्षांनी आणि दहा वर्षे उलटल्यावर दर दोन-तीन वर्षांनी, दुखत असो वा नसो, एक्स-रे काढून अस्थिशल्यचिकित्सकाला दाखवावा. तुमच्या सर्जनने वेगळे वेळापत्रक दिले असेल तर तेच पाळा. एक्स-रे काढणाऱ्याला सांगा की, दोन्ही खुबे दिसायला हवेत आणि दांड्याचे खालचे टोकही दिसायला हवे. जुने एक्स-रे सोबत न्या. एकट्या चित्रावरून जे कळत नाही, ते दोन चित्रे शेजारी धरली की कळते.

तिसरे काम ऐकण्याचे. हे विशेषतः सांभाळ करणाऱ्यांसाठी आहे. जांघेत नव्याने दुखू लागणे, उठताना पहिल्या पावलांना मांडीत कळ येणे, पाय आखूड झाल्यासारखा वाटणे, चाल बदलणे, सांध्यातून करकर आवाज येणे, यांपैकी काहीही झाले तर 'वयोमान' म्हणून सोडून देऊ नका. खुब्याचे दुखणे कधीकधी गुडघ्यात जाणवते. गुडघा तपासूनही कारण सापडले नाही तर खुबा पाहायला सांगा. ताप, जुन्या व्रणापाशी लाली, सूज किंवा पाणी येणे ही जंतुसंसर्गाची लक्षणे असू शकतात. त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. किडलेला दात, लघवीचा संसर्ग किंवा मधुमेही पायाची जखम यांतील जंतू रक्तावाटे कृत्रिम सांध्यापर्यंत, शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षांनीही, पोहोचू शकतात. म्हणून असे लहान वाटणारे आजार अंगावर काढू नयेत आणि साखर ताब्यात ठेवावी. प्रत्येक दुखणे सांधा सैल झाल्याचेच असते असे मुळीच नाही. पुष्कळदा ते खरोखर कमरेचे किंवा स्नायूंचे निघते. फक्त ते तपासून ठरवावे, गृहीत धरून नव्हे. आणि डॉक्टरांना आठवण करून द्यायला संकोचू नका. "साहेब, यांचा खुबा बदललेला आहे" एवढे वाक्य मला २०१८ मध्ये कुणी मोठ्याने ऐकवले असते, तर कदाचित मी भानावर आलो असतो.

दैनंदिन जीवनातली पथ्ये तुम्हाला ठाऊक असतीलच. उकिडवे बसणे, जमिनीवर मांडी घालणे याविषयी आपल्या सर्जनने काय सांगितले आहे ते पुन्हा एकदा विचारून घ्या. दहा वर्षे बरी गेली म्हणून लग्नाच्या पंगतीत खाली बसण्याचे धाडस करू नका. न्हाणीघरात भिंतीला पकडायला दांडी, रात्री मंद दिवा आणि न घसरणारी चप्पल यांचा खर्च दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या मानाने काहीच नाही. कृत्रिम सांधा शेवटी तुमच्याच हाडाच्या आधाराने उभा असतो. ते हाड ठिसूळ होत नाही ना, याचीही तपासणी करून घ्यावी.

लाल वहीत पहिल्याच वर्षी २७ नावे जमा झाली. एकेकाला बोलावून मी एक्स-रे काढायला लावले. काहींनी कुरकुर केली. 'दुखत नाही तर कशाला?' हा प्रश्न बहुतेकांनी विचारला. त्यांतल्या एका आजींचा खुबा २००५ साली बदललेला होता. त्या रोज मळ्यापर्यंत चालत जात. तक्रार काहीच नव्हती. एक्स-रेमध्ये गोळा वर सरकलेला दिसला आणि वाटीमागचे हाड नुकतेच पोखरू लागले होते. त्यांच्या सुनेने आठवड्याच्या आत फाईल शोधून आणली, स्टिकरसह. त्याच कंपनीचे, त्याच मापाचे अस्तर मिळाले. वाटी व दांडा जागच्या जागी ठेवून फक्त अस्तर आणि गोळा बदलला. दुसऱ्या दिवशी आजी वॉकरवर उभ्या होत्या. हे मी गुरुजींना सांगितले, तेव्हा त्यांनी वही मागून घेतली आणि आजींच्या नावापुढच्या रकान्यात स्वतःच्या हाताने बरोबरची खूण केली.

गुरुजी दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर काठी घेऊन चालत. देवळापर्यंत जाणे पुन्हा जमले नाही. घरापासून दवाखान्यापर्यंत मात्र ते दर महिन्याला पायी येत. २०२४ मध्ये हृदयविकाराने ते गेले. तिसऱ्या दिवशी राख सावडताना धातूचा तो लांब दांडा काळवंडलेला पण अखंड सापडला. तो अस्थींबरोबर नदीत सोडावा की नाही, हे मुलाला कळेना, म्हणून तो पंचात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आला. धातूला काही विटाळ नाही आणि नदीत तो टाकण्याचे काही प्रयोजनही नाही, असे मी त्याला सांगितले. चार्नले यांनी आपल्या रुग्णांकडे केलेली विनंती मला त्या वेळी आठवली. मी तो ठेवून घेतला.

आता खुबा बदललेल्या कुणाला समजावून सांगायचे असले की, मी वहीसोबत तो दांडाही टेबलावर ठेवतो. लोक तो हातात घेतात, त्याचे वजन पाहतात आणि मग निमूटपणे विचारतात, "एक्स-रे कुठे काढायचा?" त्यांचे नाव वहीत लिहून झाले की मी नेहमी पहिले पान उलटून पाहतो. गुरुजींच्या ओळीत २०१९ पूर्वीचे सगळे रकाने कोरे आहेत. ते मी तसेच कोरे ठेवले आहेत.